रस्त्याखालची ऊब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, मुलीच्या घराजवळ, बॉथेलमधलं आमचं नवं घर अजून नुसता लाकडी सांगाडा होतं, तेव्हाची गोष्ट. वसाहतीच्या सेल्स ऑफिसमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. मी, बायको आणि मुलगी. फरशी, नळ, कपाटांचे रंग सगळं ठरवून झालं होतं आणि मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, घर गरम कशानं करायचं?

मला प्रश्नच कळला नाही. न्यू जर्सीत एडिसनच्या घरात आम्ही तीसेक वर्षं राहिलो. तिथे तळघरात गॅसचा फर्नेस होता, थंडी पडली की तो आपोआप धडधडायला लागायचा. त्यात विचारण्यासारखं काही असतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

"बाबा, इथे गॅस नाहीये," मुलगी म्हणाली. "टू ऑप्शन्स आहेत. ऐका ना जरा."

बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. वसाहतीच्या कोपऱ्यावर एक छोटं केंद्र बांधलं जात होतं. तिथे पाणी गरम होणार आणि रस्त्याखालच्या नळांमधून ते घरोघर फिरणार. ज्यांना हवं त्यांनी त्या लाइनला जोडून घ्यायचं. गॅरेजमध्ये एक कपाटाएवढी पेटी बसते, तिथून घरातल्या जमिनीखाली ऊब पसरते, बाकी काही बघावं लागत नाही. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी हीट पंप. घराबाहेर पंख्याची पेटी आणि आत खोल्यांमध्ये भिंतीवर एकेक मशीन. थंडीत ते बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतं, उन्हाळ्यात तेच उलटं चालतं आणि घर गार करतं.

"आणि ते केंद्र पाणी कशावर तापवतं?" मी विचारलं. सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली, त्यामुळे मूळ कुठे आहे ते विचारायची खोड आहे.

बाई हसल्या. गावाची सांडपाण्याची मोठी लाइन जवळून जाते. लोकांच्या आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं कोमट पाणी त्यातून वाहत असतं. त्याची ऊब काढून घेतात. ते पाणी आणि आपलं पाणी कुठेही एकत्र येत नाही.

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "म्हणजे सगळ्या गावाच्या आंघोळीची ऊब आपल्या घरात?"

"ऊबच ना? पाणी नाही."

"मी कुठे काय म्हणतेय. विचारलं फक्त."

मला मात्र ती कल्पना फार आवडली. का आवडली ते सांगायचं तर मला बरंच मागे जायला हवं.

मी अकोल्याचा. आमच्याकडे ऊन ही विकत घ्यायची वस्तू नव्हती, तिच्यापासून पळायची वस्तू होती. अशा गावातून उठून मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, एका विद्यापीठाच्या गावात शिकायला आलो. ऑगस्टमध्ये आलो तेव्हा ठीक होतं. नोव्हेंबरात बर्फ सुरू झाला आणि एका सकाळी लेक्चरला जाताना मी रस्त्यात थबकलो. रस्त्यामधल्या लोखंडी झाकणातून वाफ निघत होती. पातेल्यावरचं झाकण किलकिलं ठेवावं तशी. मला वाटलं खाली काहीतरी पेटलंय. बरोबरचा अमेरिकन मुलगा म्हणाला, काही नाही, ती गावाची वाफ आहे. नदीकाठी एक बॉयलरहाउस आहे, तिथून सगळ्या जुन्या इमारतींना जाते.

गावाची वाफ. हे शब्द माझ्या डोक्यात घट्ट बसले. आमच्याकडे गावाची विहीर असायची, गावाचं कुरण असायचं. इथे गावाची वाफ होती, आणि ती माझ्याही खोलीत येत होती. खिडकीखाली चांदीच्या रंगानं रंगवलेला जाडजूड लोखंडी रेडिएटर होता. पहाटे त्याच्यात वाफ शिरली की नळांमध्ये कोणीतरी हातोडी मारतंय असा आवाज व्हायचा. पहिल्यांदा मी दचकून उठलो होतो. पुढे पुढे तो आवाज आला की मी दुलईतच हसायचो. आता थोड्या वेळात खोली तापणार, आणि त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं. लाकूड फोडायचं नव्हतं, बंब पेटवायचा नव्हता.

जानेवारीत बायको आली. लग्नानंतर चारच महिने आम्ही एकत्र राहिलो होतो, मग मी निघून आलो होतो. ती नाशिकची. विमानतळावरून बसनं आलो तेव्हा तिच्या पायात चपला आणि मोजे, अंगावर तिच्या भावाचा कोट. मी दार उघडलं आणि खोलीची ऊब एकदम अंगावर आली. ती दारातच उभी राहून म्हणाली, "हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगलो असं म्हटलं तरी चालेल. मी काही कमावत नव्हतो, घरात दोन पातेली आणि एक गादी होती, पण बायकोला मी ऊब देऊ शकलो होतो. म्हणजे गावानं दिली होती, पण श्रेय मी घेतलं.

रेडिएटरशेजारी तिनं एक फळी लावून घेतली. त्यावर विरजण लावायची. ओले मोजे, माझे हातमोजे, सगळं रेडिएटरवर वाळायचं. मी संध्याकाळी लॅबमधून यायचो तेव्हा खिडकीच्या काचांवर पाणी धरलेलं असायचं, आत वरणाचा वास, आणि बायको सुती पातळ नेसून बसलेली. बाहेर गुडघाभर बर्फ.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा ती वाफ बंद पडली. रस्त्याखालचा मुख्य नळ फुटला. शनिवारची सकाळ होती, नळांत तो हातोडीचा आवाज झाला नाही आणि दुपारपर्यंत इमारत गारठली. आमच्या स्वयंपाकघराला दक्षिणेची खिडकी होती, तिथे ऊन यायचं. बायकोनं शेगडीवर मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली आणि दार उघडं ठेवलं. वरच्या मजल्यावरचं कोरियन जोडपं आलं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या पोलिश बाई आल्या, हातात बिटाच्या सुपाचं भांडं घेऊन. कोणालाच धड इंग्रजी येत नव्हतं. माझंही तेव्हा असं काही फार बरं नव्हतं. पण सगळे कोट घालून त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवलो. कोरियन गृहस्थांनी तुपाचं भांडं तीनदा मागून घेतलं. संध्याकाळी रस्त्यावर खणणारे कामगार निघून गेले आणि नळांत ठण्ण असा आवाज झाला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोला तेव्हा दिवस गेले होते. त्या वसंतात आमची मुलगी झाली.

पुढे नोकरी न्यू जर्सीत लागली. काही वर्षांनी एडिसनला घर घेतलं. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं वाढत चालली होती, मेथीची जुडी मिळायची, इडलीचं पीठ मिळायचं. तळघरातला फर्नेस माझा स्वतःचा होता. दर वर्षी थंडीआधी मी त्याची जाळी बदलायचो, आतली ज्योत नीट पेटते का बघायचो. घरात मुलीनं थर्मोस्टॅट वर केला की मी खाली करायचो, मी खाली केला की ती वर करायची. चांगलं घर होतं ते. पण त्या घरात वाफ बंद पडली म्हणून कोणी कधी आमच्याकडे जेवायला आलं नाही. फर्नेस बिघडला तर आमचा बिघडायचा, शेजाऱ्यांना पत्ताही नसायचा.

तर बॉथेलच्या ऑफिसात त्या बाई "शेअर्ड लाइन" म्हणाल्या तेव्हा माझं उत्तर ठरून गेलं होतं.

आम्ही परत एडिसनला आलो. घर विकायला काढलं होतं, माळ्यावरच्या वस्तू खाली येत होत्या. रोज सकाळी मुलीचा फोन यायचा.

"बाबा, आन्सर द्यायचंय त्यांना. काय ठरलं?"

"लाइन घेऊ या म्हणतोय."

"का? हीट पंपमध्ये कूलिंग पण मिळतं. लाइनमध्ये नाही मिळत. इट्स सो सिम्पल."

"तुमच्या तिकडे कुठे उन्हाळा असतो?"

"बाबा, तुम्ही लास्ट इयर ऑगस्टमध्ये इथे होता ना? स्मोक आठवतो का?"

आठवत होता. डोंगरांत वणवे पेटले होते आणि सगळ्या गावावर पिवळट धूर उतरला होता. खिडक्या उघडायची सोय नाही, आणि मुलीच्या घरात एसी नाही. बायको ओला पंचा मानेवर टाकून बसून असायची. पण मी म्हणालो, ते काय दर वर्षी होतं थोडंच.

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, बघू."

खरंच तिचं एवढंच म्हणणं होतं. मी तिला लाइनचे गुण सांगायचो. आवाज नाही, बाहेर पेटी नाही, देखभाल नाही, आपलं वय होत चाललंय, उगाच मशिनं कशाला वाढवायची. ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत ऐकायची. "बघू," म्हणायची. तिला नको असतं तेव्हा ती नाही म्हणत नाही. बघू म्हणते. हे मला माहीत आहे, पण या बाबतीत ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण तिला ते नको असेल असं मला वाटूच शकत नव्हतं. ज्या उबेवर आमचा संसार उभा राहिला ती हिला नको कशी असेल?

ऑक्टोबरात, सामान जायच्या आधी, मी म्हणालो, "एकदा जाऊन येऊ या का आपल्या जुन्या गावाला? पुन्हा इतक्या लांबून येणं व्हायचं नाही."

ती लगेच हो म्हणाली. याचंही मला बरं वाटलं.

सकाळी लवकर निघालो. डोंगरांत पानं लाल-पिवळी झाली होती, रस्त्यावर लोक गाड्या बाजूला लावून फोटो काढत होते. बायकोनं डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. दुपारी गावात पोचलो. मी आधी नदीकाठी गाडी नेली. बॉयलरहाउसची विटांची चिमणी तशीच होती, पण खाली आता कसलं तरी रेस्टॉरंट झालं होतं, आणि बाहेर हिरव्या छत्र्यांखाली मुलं बसून बीअर पीत होती. मी गाडी थांबवली नाही.

आमची इमारत मात्र जागेवर होती. दरवाजाचा रंग बदलला होता. बाहेर उभे राहून आम्ही वर आमच्या खिडकीकडे बघत होतो, तेवढ्यात निळ्या गणवेशातली एक बाई हातात किराण्याच्या पिशव्या घेऊन आली. नर्स असावी. दाराशी तिनं विचारलं, कोणाकडे आलात? मी सांगितलं की आम्ही खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या घरात राहत होतो. तिनं पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "ते माझंच घर आहे. या ना वर. पसारा आहे, त्याकडे लक्ष देऊ नका."

मला वाटलं होतं तिथे गेल्यावर सगळं पूर्वीसारखं वाटेल. तसं काही झालं नाही. खोली फारच लहान होती. एवढीशी. आम्ही दोघं, मग तिघं, यात मावलो कसे? रेडिएटर खिडकीखाली होता, पण त्यावर कुंड्या ठेवलेल्या होत्या. वरती भिंतीवर एक पांढरं मशीन बसवलेलं होतं. त्या बाई म्हणाल्या, वाफ बंद होऊन बरीच वर्षं झाली, मी येण्याआधीच. आता सगळ्या घरांना ही मशिनं आहेत. रेडिएटर काढायला मजूर लागतात म्हणून तसेच ठेवलेत. झाडांना बरं स्टँड आहे.

बायको रेडिएटरपाशी गेली. खाली वाकली. नळाजवळची, वाफ कमीजास्त करायची गोल किल्ली तिनं दोन्ही हातांनी धरली आणि फिरवायचा प्रयत्न केला.

"अजूनही फिरत नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, "गंजली असेल."

"तेव्हाही फिरत नव्हती."

त्या बाईंचे आभार मानून आम्ही बाहेर पडलो. मी जिना उतरायला लागलो तर बायको मधल्या वळणावर थांबली. तिथे एक छोटी काचेची खिडकी आहे. ती तिथल्या पायरीवर बसली. गुडघे दुखत असतील म्हणून मीही थांबलो.

"बसा," ती म्हणाली. "इथे बसायचे मी."

"केव्हा?"

"रोज. तुम्ही लॅबला गेलात की."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. ती सावकाश बोलत होती, कसलीही तक्रार नसल्यासारखी. म्हणाली, "खोली एवढी तापायची ना, की माझं डोकं भणभणायचं. ती किल्ली फिरायची नाही. इमारत सांभाळणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो म्हणायचा, वन पाइप, लेडी, ऑन ऑर ऑफ. म्हणजे चालू नाहीतर बंद, कमी करायची सोयच नाही. खिडक्यांना रंग फासलेला, त्या उघडायच्या नाहीत. स्वयंपाकघराची तेवढी चार बोटं वर व्हायची. त्या चांदीच्या रंगाचा तापला की वास यायचा. पोटुशी होते तेव्हा तर तो वास आला की उलटी. नाकातून रक्त यायचं कोरड्या हवेनं. दही तर दुपारपर्यंत आंबट होऊन जायचं. रोज तुमच्यासाठी साखर घालून कढी करायचे मी, आठवतं?"

कढी आठवत होती. मला ती तिची नाशिकची पद्धत वाटली होती.

"मग मी इथे येऊन बसायचे. इथे गार असायचं. ही काच अशी बर्फासारखी. कपाळ टेकवून बसायचे. एकदा त्या खालच्या आजींनी बघितलं. त्यांना वाटलं मी रडतेय. रडत नव्हते हो. नुसती गार होत होते. त्या आत गेल्या आणि बरणीतली काकडी आणून दिली, मिठाच्या पाण्यातली. आंबट. इतकी छान लागली मला. मग रोजच. मी या पायरीवर, आजी त्या खालच्या पायरीवर. त्या पोलिश बोलायच्या, मी मराठी. त्यांच्या बहिणीबद्दल बोलायच्या बहुतेक. मी आईबद्दल."

"मला वाटायचं तू त्यांना शंकरपाळे दिलेस म्हणून ओळख झाली."

"शंकरपाळे नंतर."

खालून कोणी तरी आलं, आम्ही बाजूला सरून वाट दिली. मग मी म्हणालो, "मला कधी बोलली नाहीस हे."

"काय बोलायचं? तुम्ही संध्याकाळी गारठून यायचात, नाक लाल झालेलं. आत आलात की तुमचा चेहरा असा उजळायचा. म्हणायचात, वा, काय ऊब आहे. मलाही मग बरंच वाटायचं. दुपारचं दुपारी राहून जायचं."

"आणि आलीस त्या दिवशी म्हणालीस ते? आपल्याकडच्यासारखंच आहे."

"मे महिन्यासारखं, असं म्हणायचं होतं मला," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मीही हसलो. त्या जिन्यावर आम्ही दोन म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त नवल वाटलं. माझ्याकडे ज्या खोलीच्या आठवणी होत्या त्या अजूनही खऱ्याच होत्या. खिडकीवरचं पाणी खरं होतं, वरणाचा वास खरा होता. फक्त त्याच इमारतीत, पंधरा पावलांवर, तिच्याकडे आणखी एक जागा होती आणि ती मला माहीतच नव्हती. आता ती बघायला मिळाली. माझ्या बायकोची विशीतली दुपार कशी जायची ते मला सत्तरीला आल्यावर कळलं. नाही कळलं असतं तर मी काय गमावलं असतं, याचा विचार मी परतीच्या वाटेवर बराच वेळ करत होतो.

गाडीत मी म्हणालो, "म्हणजे तुला हीट पंप हवाय."

"तुम्हाला वाटतं मी त्या किल्लीचा राग धरून बसलेय? नव्या लाइनला प्रत्येक खोलीत वेगळं बटण असतं. वाचलंय मी सगळं त्यांनी दिलेलं."

"मग?"

"मला गारही हवंय. नुसती ऊब देणारं नको आता. गेल्या वर्षी ऑगस्टात त्या धुरात माझा जीव कासावीस झाला होता. आणि रात्री तुम्ही दोन पांघरुणं घेता, मला एकसुद्धा नको असतं. प्रत्येक खोलीला वेगळं मशीन असेल तर तुमची खोली तुम्हाला हवी तशी ठेवा."

"म्हणजे वेगळ्या खोल्यांत झोपायचं?"

"मी कुठे म्हटलं झोपायचं? पुस्तकं वाचत बसता ना, ती खोली."

पुऱ्यांचा डबा मधल्या सीटवर होता, तो तिनं उघडला आणि एक पुरी माझ्या हातात दिली. अंधार पडायच्या आत आपण घरी पोचू का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पोचू. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मीच सांगितलं, हीट पंप. तिला आश्चर्य वाटलं.

"व्हॉट हॅपन्ड? तुम्ही तर लाइन लाइन करत होता."

"आईला गार हवंय."

"मी सेम थिंग सांगत होते ना, बाबा."

"तू स्मोक सांगत होतीस. आईनं स्वतःचं सांगितलं, त्या जुन्या जिन्यावरचं," मी म्हणालो. ते तिला कळलं नाही, आणि फोनवर समजावता येण्यासारखं नव्हतं. खरं तर त्या गोष्टीत तीही होती, आईच्या पोटात.

फेब्रुवारीत आम्ही नव्या घरात आलो. हीट पंप चालतो चांगला. पहिले काही आठवडे मला त्याची सवय होईना. फर्नेस कसा एकदम भसकन गरम हवा सोडायचा आणि मग गप्प व्हायचा. हा सतत हळूहळू काहीतरी करत असतो. हात धरला तर हवा फार गरम लागत नाही, मला वाटायचं बिघडलाच आहे. पण खोली बरोबर असते. बायकोनं रिमोट ताब्यात घेतलाय आणि तिला त्याची सगळी बटणं येतात. ऑगस्टात धूर आला, यंदाही आला, तेव्हा आम्ही सगळी दारं लावून गार घरात बसलो. मुलगीही तिच्या माणसांना घेऊन चार दिवस आमच्याकडेच राहायला आली. बायको दिवसभर सगळ्यांना खाऊ घालत होती आणि घर भरलं होतं.

आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांनी लाइन घेतली आहे. पलीकडच्या घरात एकटे राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनीही. संध्याकाळी फिरताना भेटले की मी त्यांना विचारतो, कशी आहे तुमची लाइन? ते म्हणतात, उत्तम, असल्याचं कळतही नाही. मला थोडा हेवा वाटतो. तो मी लपवत नाही.

नोव्हेंबरात मोठं वारं सुटलं. इथे ते दर वर्षी सुटतं म्हणतात. उंच देवदारासारखी झाडं तारांवर पडतात. सकाळी उठलो तर वीज गेलेली. हीट पंप बंद. शेगडीही विजेची, म्हणजे चहा नाही. दुपारपर्यंत घर थंड पडलं. बायको शाल पांघरून बसली होती आणि माझ्या मनात येत होतं, लाइन घेतली असती तर. तेवढ्यात शिक्षकांचा फोन आला.

"तुमचं गरम आहे का घर?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमचं असेल ना, लाइन आहे?"

"केंद्रावर जनरेटर आहे, पाणी दारापर्यंत गरम येतंय. पण ते आत फिरवणारा माझ्या गॅरेजमधला पंप विजेवर चालतो. तो बंद."

मी बायकोला सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "चला, म्हणजे दोघंही सारखेच," ती म्हणाली. "स्वेटर घाला. चहा प्यायला जाऊ."

शिक्षकांना विचारलं येता का, तर ते म्हणाले मी मुलाकडे निघालोय. मग आम्ही दोघंच गेलो. रस्त्यांवर फांद्या पडल्या होत्या, सिग्नल बंद होते, गाड्या एकमेकांना हातानं वाट देत होत्या. पलीकडच्या गावातल्या आपल्या किराणा दुकानाला वीज होती. आत ही गर्दी. सगळे थंड घरांतून आलेले. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दोन चहा आणि समोसे घेऊन गाडीतच येऊन बसलो. गाडीचा हीटर लावला, खुर्च्या खालून तापल्या. बाहेर पाऊस आडवा येत होता. बायकोनं चपला काढून पाय वर घेतले.

ती मला तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगत होती. या मैत्रिणीबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. मध्येच माझा फोन वाजला. मुलीचा मेसेज होता. पॉवर इज बॅक, घरी जा, घर गरम होतंय.

मी निघायला गिअरकडे हात नेला.

"थांबा हो," ती म्हणाली. "गोष्ट तर संपू दे."

मी हात मागे घेतला आणि तिच्याकडे वळून बसलो.